रांगेतला हंडा

हौसाक्कांनी इकडंतिकडं बघितलं आणि पाटोळ्यांच्या नव्या सुनेचा हंडा रांगेच्या शेवटून उचलून नळाखाली पहिला ठेवला. आता भांडण पेटणार होतं, आणि गल्लीतलं भांडण मिटवायला हौसाक्काच लागायच्या.

म्हणजे ही पोरगी येईपर्यंत लागायच्या. हिनं आल्या आल्या साधी रीत घालून दिली. आज जिचा हंडा पहिला, तिचा उद्या शेवटी. बाकीच्यांनी एकेक पुढं सरकायचं. तेव्हापासून नळावर कुणी आवाज चढवला नव्हता, की निवाड्यासाठी आक्कांच्या दारात कुणी आलं नव्हतं. जो तो सुनेचं कौतुक करी, आणि आक्कांच्या पोटात दुखे. ती रीत समजून घ्यायचंही त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

बायका जमल्या. सुनेनं रांग बघितली, आपला हंडा मुकाट्यानं मागं नेला आणि आक्कांच्या हातातली घागर घेऊन नळाखाली ठेवली.

"आज पहिला नंबर तुमचा हाय, आक्का. विसरलात व्हय?"

नळाला पाणी आलं. बायका आपल्या गप्पांत रमल्या. आक्का वाट बघत राहिल्या, पण हंडा कुणी हलवला, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही.