बोकडानं खाल्लेलं लुगडं

"सायकलीच्या दातऱ्यातली घाण काढ आधी," पंचफुलाबाई उंबऱ्यावरून म्हणाली. "ती घ्यायला गिऱ्हाईक येऊन राहिलं. त्याला काय ते काळं तोंड दाखवायचं?"

शिवकन्या सासूकडं पाठ करून बसली होती. अंगणात सायकल उलटी उभी होती. मागचं चाक बाजूला. चेन घमेल्यातल्या डिझेलमध्ये. जुन्या टूथब्रशनं ती एकेक कडी घासत होती.

सायकल तिची. माहेरून आलेली. तिच्यावरूनच ती रोज डोंगरकडा गावाला जायची, शाळेचे गणवेश शिवायच्या कामाला. तिच्या कामाच्या वेळेला या वस्तीवर ऑटो येत नाही. सायकल गेली की काम गेलं. काम गेलं की...

कडी. घासली. पुढची कडी.

"मी काय करू?" तिचा नवरा परमेश्वर शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणाला. त्यानं हे कालही विचारलं होतं. "आईच्या डोक्याला रोजची तकलीफ. तिला न्हाई पटत सुनेनं सायकलीवर फिरलेलं."

"कसं पटंल?" पंचफुलाबाई म्हणाली. "शेळ्यामेंढ्यांमागं जिंदगी काढली आमी. पायानं. आमच्या बुडाखाली काहून चाकं लागली न्हाईत?"

"तुमाला कोन देत होतं, आत्याबाई?"

"तोंड नको चालवू. हात चालव."

हात चालले.

(बोकडाचं इथंच सांगून टाकलं पाहिजे. मागच्या महिन्यात पंचफुलाबाईचं अंजिरी लुगडं फाटलं. काष्ट्याजवळचा वीतभर तुकडाच गायब. त्या दिवशी शिवकन्या आणि परमेश्वर शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर कळमनुरीच्या बाजाराला गेले होते, घरी ती एकटी. बोकडानं खाल्लं, ती म्हणाली. गुडघाही फुटला होता. तोही बोकडाच्या नावावर गेला. बोकडानं आपली बाजू मांडली नाही. पुढच्या बाजारी त्याला विकलं. पण लुगडं फाटलं त्याच दिवशी, जेवताना, पंचफुलाबाई पहिल्यांदा म्हणाली होती: ती सायकलही विकून टाका.)

चेन निघाली तशी लखलखली. आता फ्रीव्हील, मागच्या चाकाचा दातरा. चेनकव्हर कधीच गळून पडलं होतं, त्यामुळं रस्त्यावरची सगळी धूळ इथं येऊन ग्रीसमध्ये बसली होती. डांबरासारखी. महिनाभर पायडल जड जात होतं ते उगाच नाही. शिवकन्येनं दातऱ्याच्या मागं खिळा घातला. घाणीचा गोळा सुटला. त्याच्यामागं काहीतरी चिवट. तिनं ओढलं. ते लांब होत गेलं.

कापड.

तिनं ते डिझेलमध्ये बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. काळं उतरलं. खालून रंग आला.

अंजिरी.

तिच्याकडं त्या रंगाची साडी नव्हती. त्या रंगाचं लुगडं वस्तीवर एकच होतं.

बोकड निर्दोष होता.

शिवकन्येनं चिंधी घमेल्याच्या काठावर ठेवली. मग तिनं उंबऱ्याकडं पाहिलं. पंचफुलाबाई तूर निवडत होती. काष्टा घट्ट मारलेला. गुडघ्यावरची खपली नुकती पडलेली, खाली गुलाबी कातडी.

शिवकन्येनं चाक बसवलं. चेन चढवली. तेलाचे थेंब सोडले. सायकल सरळ उभी केली. तोवर गिऱ्हाईक आलं. ज्ञानोबा, शेजारच्या गावचा. आल्या आल्या त्यानं मागचं चाक उचललं आणि पायडल फिरवलं. चेन गप फिरली. चाक कितीतरी वेळ फिरतच राहिलं.

"वा," ज्ञानोबा म्हणाला. "लोण्यावानी हाय की. परमेश्वर, सौदा पक्का समज."

शिवकन्या उठली. हात पुसत उंबऱ्यापाशी गेली आणि चिंधी सासूच्या सुपात ठेवली. तुरीवर.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "हे बोकडानं खाल्लं होतं ना?"

पंचफुलाबाईनं चिंधी बघितली. सून बघितली. चिंधी मुठीत गेली आणि मूठ पदराखाली. तोंडावरची एकही सुरकुती हलली नाही.

"ज्ञानोबा," ती मोठ्यानं म्हणाली, "चहा पी आन् घरला जा. सायकल न्हाई द्यायची."

"आँ?" परमेश्वरच्या हातातला पाला खाली पडला. "आई, महिनाभर तूच तर जीव खाऊन राहिली व्हतीस, विका म्हणून!"

"सुनेच्या माहेरची वस्तू विकतो? लाज वाटती का न्हाई तुला?"

"मला? आगं, तूच..."

"लोक काय म्हनतील? आन् ती कामाला काय उडत जाईल?"

ज्ञानोबानं चहा घेतला नाही. या घरात आधी ठरवा, मग मानसं बोलवा, असं काहीतरी पुटपुटत तो निघाला. त्याची समजूत काढत परमेश्वर रस्त्यापर्यंत गेला. जाताना त्यानं एकदा आईकडं आणि एकदा बायकोकडं असं पाहिलं, जसं माणूस बंद पडलेल्या मोटारपंपाकडं बघतो.

अंगणात दोघीच उरल्या.

शिवकन्येनं काळं डिझेल उकिरड्यावर ओतलं. घमेलं पालथं घातलं. आपण जिंकलो, एवढंच तिला कळत होतं. आता सासू काय बोलेल? शिव्या देईल, रडेल, शपथ घालेल, की कोणाला सांगू नको म्हणेल?

पंचफुलाबाई उठली. सायकलीजवळ आली. कोणी येत नाही ना, म्हणून तिनं वाटेकडं पाहिलं, मग दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांच्या दाराकडं. हँडल धरलं. दोन्ही हातांनी, सवयीनं.

"पळवता येती मला," ती सुनेच्या कानाशी म्हणाली. "थांबवायची कशी, तेवढं सांग."