अठरा तासांची बॅटरी

"हा आजपासून माझ्या कपाटात," चार्जरची वायर गुंडाळत भाईदास सुनेला म्हणाले. "सकाळी एकदा, माझ्यासमोर चार्ज करायचा. काम संपायच्या आधी बॅटरी संपली, तर नोकरी सोडायची."

मंगलानं लॅपटॉप मिटला. "आणि बॅटरीच्या आधी काम संपलं तर?"

"तर चार्जर तुझा, खोली तुझी. मी परत शब्द काढणार नाही. शनिवारी संध्याकाळी तुझा नवरा इंदूरहून येईल, त्याच्यासमोर निकाल."

"मान्य. पण बाबा, आत काम चालू असताना दार उघडायचं नाही."

सुनेनं इतक्या सहज मान्य करावं हे भाईदासांना रुचलं नाही. थोडी रडारड झाली असती तर त्यांनी मोठ्या मनानं माघारसुद्धा घेतली असती.

त्यांची तक्रार साधी होती. सून घरात असून नसल्यासारखी. दिवसभर दार बंद. तिची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाल्यापासून तर विचारायची सोय राहिली नव्हती. कोण राहणार, कोण जाणार, कुणाचे किती तास, याच्या मीटिंगा वर्षभर चालल्या होत्या. त्यातच नव्या मालकांनी जुनं धोंड्यासारखं यंत्र परत मागवून हा पातळ लॅपटॉप पाठवला. खोक्यावर ठसठशीत छापलेलं, बॅटरी अठरा तास.

भाईदासांचा जन्म केळीच्या आडतीत गेलेला. घड हातात घेतला की वजन कळायचं. लॅपटॉप त्यांनी एका हातानं उचलला आणि खोक्याकडे पाहून मान हलवली. "एवढ्याशात अठरा तास? पत्रावळ आहे ही."

इतवारा बाजारातल्या दुकानदार पंडितनं दुजोरा दिला. पंडित लॅपटॉप विकायचा आणि पुढं तेच दुरुस्तही करायचा, त्यामुळे त्याचं मत दोन्ही बाजूंनी पक्कं होतं.

"काका, अठरा तास कंपनीच्या टेबलावर. स्क्रीन मंद, इंटरनेट बंद, कुणी हात नाही लावायचा. घरी मीटिंगा घेतल्या ना, तर साडेचार, लई झालं तर पाच. उससे ज्यादा चला तो मेरा नाम बदल देना."

भाईदास खुशीत घरी आले.

भाईदासांच्या पत्नी गोदाबाई या भांडणात पडल्या नाहीत. दुपारची जेवणं उरकली, मंगला खोलीत गेली, आतून कडी लागली, आणि गोदाबाईंनी पोथीची पिशवी खांद्याला लावली. सरूबाईकडे भजन. पूर्वी ते एकादशीला असायचं, हल्ली रोज.

"रोज रोज गेलात तर देव कंटाळेल," भाईदास म्हणाले.

"तो अजून तसं म्हणाला नाही," असं म्हणून बायको निघून गेली.

भाईदासांनी खुर्ची दाराशी ओढली. आत टकटक चालू होती. चार वाजले, पाच वाजले, टकटक थांबेना. संध्याकाळी मंगला लॅपटॉप घेऊन बाहेर आली. पडदा उजळ, कोपऱ्यात बारा टक्के शिल्लक.

"उद्या बघू," भाईदास म्हणाले.

उद्याही तेच. मग त्यांना शेजाऱ्यांचा संशय आला. खोलीचं मागचं दार बोळात उघडत होतं, तिथं जाऊन त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत तपासली. कुठून वायर आलेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं, पण शब्द दिलेला, म्हणून त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घराचं मेन स्विचच पाडलं. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. टकटक मात्र चालूच. उलट दुपारनंतर बोटं जास्त दमदार पडत, जुन्या टाइपरायटरवर बसल्यासारखी. पोटात अन्न गेल्यावर माणसाला जोर येतो, असं भाईदासांनी ठरवलं.

"पंडित, नाव बदल," त्यांनी दुकानात जाऊन सांगितलं.

"हो ही नहीं सकता, काका."

"मी स्वतः दाराशी बसतो. मेन पाडून."

पंडितनं थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लावली, 'एक चार्ज, पूरा दिन. भाईदास काकांच्या घरी सिद्ध.' हरत असलेल्या माणसाच्या नावावर लॅपटॉप खपू लागले.

शनिवार उजाडला. भाईदास हट्टाला पेटले. सकाळी चार्जिंग झाल्या झाल्या त्यांनी मेन पाडलं ते पाडलंच. जेवणं झाली, कडी लागली, गोदाबाई भजनाला गेल्या. उकाड्यानं सदरा पाठीला चिकटला होता, पण ते खुर्चीवरून हलले नाहीत. आज ही पत्रावळ विझताना ते स्वतःच्या कानांनी ऐकणार होते.

आत टकटक चालू होती.

चारच्या सुमाराला समोरचं दार वाजलं. मंगला आत आली. हातात मावा जिलेबीचा पुडा.

"लाइट अजून बंदच का, बाबा?"

भाईदासांनी तिच्याकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे. टकटक थांबली नव्हती.

"तू काम सोडून बाजारात?"

"माझं काम जेवायच्या आधीच संपतं. रोज." मंगलानं ताटली घेतली आणि पुडा सोडला. "विलीनीकरणात माझ्या जागेच्या दोन अर्ध्या जागा केल्या त्यांनी. शर्त जिंकले ना मी?"

"मग आत कोण आहे?"

मंगला जिलेबी मोडत राहिली.

भाईदास उठले. दिलेला शब्द आठवला, तरी मागच्या बोळात गेले आणि लोटलेलं दार ढकललं. पोथीची पिशवी रिकामी पडली होती आणि टेबलावर तसाच दुसरा पातळ लॅपटॉप उघडा होता. गोदाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, कानातला हेडफोन एका बाजूनं सरकवला, पण बोटं थांबू दिली नाहीत.

"दुपारनंतरची नोकरी माझी आहे, लॅपटॉपही माझा, सरूबाईकडे चार्ज होतो. दार लोटून घ्या, मीटिंग चाललीय."