खोलीपुरता आवाज

देवळीकडच्या लग्नांत जयवंता जन्मभर मांडवाबाहेर, उकिरड्याशेजारी बसून डफडं वाजवत आला. सत्त्याऐंशी साली त्याच्या पोरानं, सुखदेवनं, नागपुरातून जुना इलेक्ट्रिक ड्रम आणला. दुकानदार म्हणाला होता, "याच्यासंगं भोंगा घे, स्वस्तात देतो. गावभर आवाज जाईन." सुखदेवनं मात्र ड्रमला वायरीनं जोडायचा, खोलीपुरता वाजणारा छोटा स्पीकर घेतला.

"काऊन रे?" जयवंतानं विचारलं.

"भोंगा असला का लोक बाहेरच बसवतीन, बाबा. याचा आवाज लहान हाये. ऐकाचं असन तर मले आत घ्यावंच लागन."

वासुदेवरावांच्या पोरीच्या लग्नात जयवंता डफडं घेऊन सवयीनं उकिरड्याकडं गेला. सुखदेव मात्र सरळ मांडवाच्या दारात उभा राहिला. वासुदेवराव हसत सामोरे आले. त्यांनी स्पीकर स्वतः उचलला, आत नेला आणि नवरदेवाच्या खुर्चीजवळ ठेवला. ड्रम छातीशी धरून सुखदेवनं मांडवात पाय टाकला.



"तू तिकडंच बस, बुढ्याजवळ," वासुदेवराव मायेनं म्हणाले. "म्या लांब वायर आणून ठेवली हाये."