उघडी कवचं

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर सुन्निवाला नवऱ्याच्या, ओड्वारच्या, फुप्फुसातली पेशी दिसत होती. शेवटचं औषध लागू पडलं असतं, तर आत तयार होणाऱ्या विषाणूंची कवचं अर्धवट, उघडीच राहिली असती. इथे एकूण एक कवच मिटलेलं होतं. ही चित्रं वाचायला ओड्वारला तिनंच शिकवलं होतं आणि बर्गनच्या इस्पितळात तो निकालाची वाट पाहत होता. तिनं घरी जाऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फ्रेममधलं, तिच्याच एका जुन्या प्रयोगातल्या उघड्या कवचांचं छायाचित्र काढलं, नेऊन त्याच्यापुढे धरलं. “बघ, सगळी उघडी!” ओड्वारनं चष्मा लावला. त्याचं बोट कवचांवरून सरकत एका तिरक्या रेघेवर थांबलं. सूक्ष्मदर्शकासाठी पेशीचा पातळ काप काढताना हिऱ्याच्या सुरीनं उमटलेला ओरखडा होता तो. “वेडे, ह्या ओरखड्याकडे बघत दहा वर्षं कॉफी प्यायलोय.” त्यानं छायाचित्र तिच्याकडे दिलं. “जाऊन जागेवर टांग. रिकाम्या भिंतीकडे बघत एकटीनं कॉफी पिऊ नकोस.”