जनाचा फोटो

“खराब निघाला तरी चालंल, दादा. हाय तसा द्या,” गंगाबाई म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवरच बसली.

कमळाकरला वाटलं होतं, एकदा सांगितलं की बाई जाईल. कॅमेरा बिघडला, आत उजेड शिरला, रोल गेला. कर्जतला फोटोचं दुकान टाकल्यापासून ही थाप त्याने कितीजणांना मारली असेल, आणि लोक निमूट परत गेले होते. कॅमेऱ्यातलं कुणाला काय कळतं? पण ही बाई कळंबहून एसटीने दुसऱ्यांदा आली होती. तिची पोर जना आषाढात काविळीने गेली. सतरा वर्षांची. घरात तिचा एकही फोटो नव्हता. असलाच तर तो एकच, वैशाखात खोतांकडच्या लग्नात कमळाकरने काढलेला.

“डोळं मिटलं की मला तिचं पिवळं तोंडच दिसतं,” गंगाबाई म्हणाली. “आजारातलं. पयलं तोंड आठवतच नाय, दादा. आय हाय मी तिची, अन् मला आठवत नाय! त्या लग्नात नवं पातळ नेसली व्हती, केसात अबोली व्हती. ते तोंड मला एकदा बघू द्या.”

कमळाकर काउंटरवरचे फोटो उगाच सारखे करायला लागला. खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. एका रोलमध्ये फोटो निघतात बारा, आणि लग्नात ‘माझा काढा, माझा काढा’ म्हणणारे शंभर. नाही म्हणावं तर माणसं रुसतात. मग धंद्यातले बरेचजण करतात तेच तोही करी. फ्लॅशच्या पाठीला एक बारीक बटण असतं. ते दाबलं की लख्ख उजेड पडतो, पण कॅमेऱ्यात काहीच उमटत नाही, आणि रोल पुढे सरकवायला चावीही फिरवावी लागत नाही. माणूस खूश होऊन निघून जातो. कुणावर रोल घालवायचा आणि कुणाला नुसता उजेड दाखवायचा, हे माणसाच्या ऐपतीवरून ठरतं. गंगाबाई आणि जना त्या लग्नात भांडी घासायला होत्या. झालं तर मग!

बरं, माणूस अगदीच वाईट म्हणावा तर तसंही नाही. फोटोची हौस असलेल्या चार जणांना तो रविवारी फुकट शिकवायचा. बिघडलेले फोटो त्याने कधी फेकले नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते जपून ठेवले होते आणि प्रत्येकामागे आपली चूक लिहिली होती. हात हलला. उजेड शिरला. एकावर एक दोन फोटो आले. “चूक लपवायची नाही, तीच शिकवते,” असं वर त्या चौघांना सांगायचा. काय म्हणावं या माणसाला!

तोच डबा त्याने गंगाबाईपुढे ठेवला. कंटाळेल आणि उठून जाईल, असा त्याचा हिशेब.

“बघा यात, मावशी. खराब झालेले सगळे यातच आहेत.”

गंगाबाईने हात पदराला पुसले. एकेक फोटो उचलून ती दाराच्या उजेडात धरायची, निरखायची आणि बाजूला ठेवायची. “ही नाय. ही बी नाय.” डोकं कापलेली नवरी, दोन तोंडांचा नवरदेव, पांढऱ्या डागात बुडालेलं बारसं. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. ही हसली नाही. तासभर असाच गेला. गिऱ्हाइकं आली आणि तिला पायरीवर बघून परत गेली. कमळाकर काउंटरमागे उभाच होता, त्याला बसवेना.

डब्याच्या तळाशी एक हललेला फोटो निघाला. मांडवाच्या खांबाशी कुणी बाई उभी, आणि तोंडाच्या जागी नुसता धूर. गंगाबाईने तो डोळ्यांजवळ नेला.

“हीच! हीच माझी जना!” ती रडायलाच लागली. “मान बघा ना, अशीच वाकडी धरायची. दादा, लय उपकार झालं तुमचं.”

फोटो खोपोलीतल्या एका लग्नातला होता. त्यातली बाई जनाच्या दुप्पट वयाची. आता गप्प बसलं की सुटला. गंगाबाई फोटो घेऊन जाईल, भिंतीला लावेल, जन्मभर त्याला दुवा देईल. कमळाकर गप्प बसलाही. पण तिने तो फोटो छातीशी धरला आणि “बाय माझी, बाय माझी” म्हणत ती त्याला कुरवाळायला लागली, तेव्हा तो काउंटरमागून बाहेर आला. आईने परक्या बाईला पोर म्हणून कवटाळावं, हे काही त्याच्याने बघवेना.

“मावशी, ती जना नाही,” तो म्हणाला. “जनाचा फोटो मी काढलाच नव्हता. कॅमेराही बिघडला नव्हता. तुमच्यासमोर नुसता उजेड पाडला आणि पुढं गेलो. खोटं बोललो मी तुमच्याशी.”

शिव्या, शाप, चप्पल, काय यायचं ते येऊ दे, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. गंगाबाईने फोटो डब्यात परत ठेवला. झाकण लावलं.

“जना घरी जाताना वाटंतच बोलली व्हती मला,” ती म्हणाली. “दिसभर तुमच्या हाताकडं बघत व्हती ती. ‘आये, दर फोटूला तो बाजूची चावी फिरवतो, आपल्या वक्ताला फिरवलीच नाय. त्यानं फोटू काढलाच नाय गं आपला.’ अन् मी तिच्या थोबाडीत मारली, चांगल्या मानसाला खोटं पाडतंस म्हनून.”