दिवस बुडायच्या आत

"माझं नाव विचारलं त्यानं?" भरतेशच्या हातातला घास तसाच राहिला.

"नाव न्हाई. पर काल तुमी उठून गेलासा, तवा लय वेळ पाठमोरं बगत हुता," खानावळवाली राहीबाई तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "त्योबी तुमच्यावाणीच. दिवस बुडायच्या आत जेवणार. कांदा न्हाई, लसूण न्हाई."

म्हणजे जैन. म्हणजे होणाऱ्या व्याह्यांनी, रायगोंडांनीच पाळतीवर ठेवलेला.

साखरपुड्यातही त्यांनी दोनदा विचारलं होतं, "व्याही, तुमची दिल्लीची बैठक किती दिस चालती वो?" देशाचं अवकाश धोरण ठरवणाऱ्या सल्लागार समितीवर भरतेश होता, म्हणून तर त्यांनी आपल्या मुलासाठी, अतिशयसाठी, त्याच्या प्रीतीला मागणी घातली. विट्याचं घर, चेन्नईला सोनं गाळायचं दुकान. पोरगी सुखात पडणार होती.

आणि समिती पाचव्याच महिन्यात बरखास्त झाली.

घरी सांगलीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाला वीस दिवस होते. तेवढे निभावले की तो सांगणारच होता. तोवर बैठकीच्या नावानं कोरेगावात. इथं ना सांगलीचं कुणी येतं, ना विट्याचं.

खोटंही त्यानं शास्त्रज्ञासारखं मोजून रचलं होतं. डिसेंबरात दिल्लीचा दिवस इथल्यापेक्षा अर्धा तास आधी मावळतो, म्हणून बायकोला, गुणमालाला फोन पाचलाच. "जेवायला बसतोय गं. थंडी काय विचारू नकोस."

"आवं, आला बगा," राहीबाई हळूच म्हणाली.

भरतेश ताट घेऊन आतल्या दाराआड गेला. राहीबाई काही झालंच नाही अशी गुणगुणत राहिली:

दिस कलला गं बाई, पाखरू घराकडं
माझा गं चालणारा, कुण्या डोंगराआड

फटीतून त्यानं पाहिलं. पाठवलेला माणूस नव्हताच. मफलर गुंडाळलेले खुद्द रायगोंडा.

प्रीतीच्या अंगाला न लागलेली हळद भरतेशला उतरताना दिसली.

रायगोंडांनी खानावळभर नजर फिरवली. कुणी नाही असं पाहून कोपऱ्यात बसले. घड्याळात सहाला दहा कमी होती, उंबऱ्यावर ऊन अजून रेंगाळत होतं.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी तोंडावर हात धरला.

"व्हय गं, चेन्नईतच हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "दुकान टाकून कुठं जातोय मी? आन् त्या व्याह्यांस्नी फोन लावू नकोस. दिल्लीला असत्याल बिचारे, मोठ्या कामात."