पडद्याची ओली बाजू

तंबूवाल्या जहांगीरनं पडद्यावर पाण्याचा शेवटचा तांब्या मारला आणि वाकून पलीकडे पाहिलं. वच्छलाबाई आल्या होत्या. बायकांच्या बाजूला, अगदी पुढं, गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या.

बोलपट निंबा मास्तरांच्या आयुष्यावर होता. मुलांसाठी गोष्टी लिहिणारे निंबा मास्तर इथलेच, शिंदखेड्याचे. वच्छलाबाई त्यांच्यामागं राहिलेल्या पत्नी. मास्तरांच्या गोष्टींत वांगी आपल्या पायानं बाजाराला जायची आणि विहिरीत पडलेला उंट थेट दुसऱ्या तालुक्यात वर यायचा. हे सगळं मास्तर डाव्या हातानं लिहायचे. डाव्या हातावर छड्या खाल्लेली गावातली पोरं ही गोष्ट छाती काढून सांगायची. बोलपटवाल्यांना मात्र ती कुणी सांगितली नव्हती. नट उजवा, टाकही उजव्या हातात. मागच्या मुक्कामी एवढ्यावरून तंबूवर दगड आले होते. आज शिंदखेडेकर काठ्याच घेऊन बसले होते.

पुरुष पडद्यासमोर, बायका पडद्यामागं, अशी तंबूची रीत. कापड ओलं असलं की चित्र आरपार उतरायचं. मागून अक्षरं उलटी दिसायची, पण बायकांनी त्याची तक्रार कधी केली नव्हती. पडदा तरी कसला, कापडाच्या रेशनच्या दिवसांत मिळतील ती धोतरं जोडून शिवलेला. हा जळाला तर जहांगीरला दुसरा मिळणार नव्हता.

खेळ सुरू झाला. पडद्यावरचे मास्तर बैठकीवर बसले. टाक उचलला.

"उजवा!" कुणीतरी ओरडलं.

भिकन पैलवान उठला. शाळेत त्याचा डावा हात छडीखालून सोडवला होता तो मास्तरांनीच.

"आम्हना मास्तर डावा हातनी लिखे! हाऊ कोन भामटा शे?"

काठी खांबावर बसली. तंबू करकरला. मागून कुणी काड्यापेटी पुढं केली.

"भिकनभाऊ, थांबा!" जहांगीर आडवा आला. "मास्तरांच्या घरचं माणूस पलीकडं बसलंय. त्यांना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर काडी मीच लावतो."

बोलला आणि त्यानं जीभ चावली.

भिकननं पडद्याला तोंड लावलं. "वच्छलाअक्का, हाऊ तुमना मास्तर शे का?"

इंजिन तेवढं धडधडत होतं. भिकनच्या पागोट्यावर मास्तर लिहीतच होते.

"शे," पलीकडून आवाज आला. "डावाच हात शे. चूप बठ."

"उजवा शे, अक्का!"

"मी काय आंधी शे का?"

"डावाच शे!" बायका एकदम गरजल्या. त्यात भिकनच्या बायकोचा, तानुबाईचा आवाज सगळ्यांत वर. "तुले घरमा बी काही दिखस नही!"

पुरुषांत हसू फुटलं. भिकन हसला नाही. काठी घेऊन तो तंबूच्या दोऱ्या ओलांडत पलीकडं गेला. जहांगीरनं डोळे मिटले. आता कापड फाटणार.

कापड फाटलं नाही. भिकनही परत आला नाही.

त्याचं झालं काय ते बघायला बन्सीलाल गेला. तोही तिकडचाच झाला. मग भटू गेला, गिरधर गेला, काड्यापेटीवालाही गेला. हां हां म्हणता पुरुषांची बाजू रिकामी. जमिनीवर जोडे आणि काठ्या तेवढ्या उरल्या. समोर बसून उजव्या हातानं लिहिणारा नट बघायला एकटा जहांगीर. पलीकडं वांगी बाजाराला निघाली तेव्हा हसण्याचा गडगडाट झाला. मग मास्तरांनी टाक अखेरचा खाली ठेवला आणि कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. आवाज पैलवानी होता.

खेळ संपला. लोक जोडे शोधत घरी गेले. काठ्या कुणी आठवणीनं नेल्या, कुणी नाही.

पडदा उतरवायला जहांगीर मागच्या बाजूला आला. वच्छलाबाई तशाच बसल्या होत्या, पांढऱ्या कापडाकडं बघत.

"अक्का, मंडळी गेली सगळी."

त्यांनी मान वळवली नाही.

"कापड सुकी गयं, भाऊ," त्या म्हणाल्या. "जरासं पानी मार ना."